बागेतून थेट केशर आंबा मागवताना: नोंदणीपासून अढीपर्यंतची पद्धत

बागायतदाराकडून थेट केशर आंबा मागवणाऱ्यांच्या तक्रारी दरवर्षी त्याच असतात. आंबे हिरवेच आले, पिकले पण आंबट लागले, देठापाशी काळे पडले, किंवा पाहुणे आले त्या दिवशी एकही फळ खाण्याजोगे नव्हते. यातल्या बहुतेक तक्रारी एकाच गैरसमजातून निघतात. बागेतून पिकलेला माल येत नाही. येते ते झाडावरून नुकतेच उतरवलेले, कडक, अजून श्वास घेणारे फळ, आणि ते पिकवण्याचे निम्मे काम मागवणाऱ्याच्याच घरी व्हायचे असते. हे ध्यानात घेऊन मागणी नोंदवली, तर चांगला बागायतदार आणि चांगले फळ असूनही पदरी निराशा येण्याचे कारण उरत नाही.

जालना, छत्रपती संभाजीनगर, बीड, लातूर, धाराशिव आणि परभणी या जिल्ह्यांतील बागांमधून स्वतः जाऊन आंबा आणणारे आणि पार्सलने मागवणारे, अशा दोघांसाठी हा लेख आहे. पहिले चार टप्पे दोघांनाही लागू आहेत. पाचवा टप्पा स्वतः जाणाऱ्यांसाठी, सहावा पार्सलवाल्यांसाठी, आणि पुढचे पुन्हा सर्वांसाठी आहेत. टप्पे दिलेल्या क्रमानेच पाळावेत.

टप्पा १ : खाण्याच्या तारखेपासून मागे मोजणे

मागणी करण्याआधी आंबा कोणत्या दिवशी ताटात हवा आहे ते ठरवावे आणि तिथून उलटे मोजत यावे. केशर उतरवल्यापासून नैसर्गिक रीतीने पिकायला आपल्याकडच्या मे महिन्यात साधारण सहा ते आठ दिवस लागतात. प्रवासाला एक ते दोन दिवस जातात. फळे उतरवणे, त्यांचा चीक निथळणे, निवड आणि पॅकिंग यांत आणखी एक दिवस जातो. म्हणजे २८ मे रोजी घरात कार्य असेल, तर आंबा १८ किंवा १९ मे रोजी झाडावरून उतरायला हवा आणि बागायतदाराशी बोलणे त्याच्या आठवडाभर आधी पूर्ण व्हायला हवे. २४ मे रोजी फोन करून चार दिवसांत पिकलेला आंबा मागणारा ग्राहक, नकळत का होईना, बागायतदाराला फळ घाईने पिकवण्याच्या वाटेला लावतो.

हंगामाचेही भान हवे. कोकणचा हापूस मार्च-एप्रिलमध्ये बाजारात भरून येतो. मराठवाड्यातला केशर त्याच्या मागून, सामान्यतः मेच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यापासून जूनच्या मध्यापर्यंत उतरतो. मोहोर कधी आला, थंडी किती लांबली आणि बाग कोणत्या जमिनीवर आहे, यानुसार यात आठ-दहा दिवसांचा फरक पडतो. अक्षय्य तृतीया एप्रिलचा उत्तरार्ध ते मेचा पहिला पंधरवडा या काळात कधीही येते. त्या दिवशी पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवण्याची रीत अनेक घरांत असल्यामुळे केशरसाठी पहिली धावपळ तेव्हाच सुरू होते, आणि नेमका तेव्हाच आपल्याकडचा बहुतांश आंबा अपक्व असतो. नैवेद्यासाठी पाच-सात फळे दुसरीकडून आणावीत आणि घरची मोठी मागणी मेच्या मध्यासाठी राखून ठेवावी, हे माझे ठाम मत आहे. वटपौर्णिमेच्या वाणासाठी किंवा ज्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतो त्या वर्षी जावयाच्या धोंड्याच्या जेवणासाठी आंबा हवा असेल, तर हंगाम अनुकूल असतो. मात्र मृगाचे पाऊस सुरू झाल्यावर उतरवलेल्या फळात माशीचा प्रादुर्भाव आणि कुजण्याचे प्रमाण वाढते, म्हणून त्या काळात मागणी लहान ठेवावी.

सावधान: हंगामाच्या सुरुवातीला भाव चढे असतात आणि त्या भावाच्या ओढीने कोवळे फळ उतरवले जाते. असे फळ अढीत, म्हणजे गवताच्या थरांत पिकायला ठेवल्यावर, मऊ पडते, सालही पिवळी होते, पण त्यात गोडी येत नाही. झाडावर जी पक्वता आली नाही, ती नंतर कोणत्याही उपायाने आणता येत नाही.

टप्पा २ : बाग आणि बागायतदार यांची खात्री करणे

मराठवाडा केशर आंब्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. गुजरातेतल्या गीर केशरला ते त्याआधी, २०११ साली मिळाले होते. वाण एकच असला तरी माल कुठला, हे विचारण्याचा ग्राहकाला पूर्ण अधिकार आहे. मोबाईलवर फिरणाऱ्या जाहिरातीत झाडाचे छायाचित्र असते, पण ती बाग विकणाऱ्याचीच असेल असे नाही. म्हणून पहिल्यांदाच मागवत असाल तर व्हिडिओ कॉलवर बाग दाखवण्याची विनंती करावी. ज्याची बाग आहे त्याला यात कमीपणा वाटत नाही. तो झाडाखाली उभा राहून फळ हातात धरून दाखवतो.

त्यानंतर पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत.

१. पाड लागला आहे का? झाडावर आपोआप पिकू लागलेली पहिली फळे, म्हणजे पाड, हीच बाग काढणीला आल्याची सर्वांत जुनी आणि आजही सर्वांत विश्वासार्ह खूण आहे. पाड लागण्याआधी उतरवलेला माल घेऊ नये.

२. फळ झेल्याने (टोकाला जाळी असलेल्या काठीने) उतरवता की झाड हलवून पाडता? उंचीवरून जमिनीवर आदळलेल्या आंब्याला बाहेरून काही दिसत नाही. मार लागलेला भाग पिकताना आतून काळवंडतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे वळवाचे वादळ आणि गारपीट होते, आणि त्यानंतर पडलेल्या फळांचा ढीग स्वस्तात विकला जातो. तो लोणच्यासाठी जरूर घ्यावा, पिकवण्यासाठी घेऊ नये.

३. शेवटची फवारणी कधी झाली? प्रत्येक औषधाला फवारणी आणि काढणी यांत ठरावीक दिवसांचे अंतर लागते. निर्यातीसाठी मँगोनेट या नोंदणी प्रणालीत नोंदवलेल्या बागेत फवारण्यांची नोंद ठेवलेली असते, त्यामुळे तिथे उत्तर तारखेसह मिळते. नोंदणी नसलेली बागही चांगली असू शकते. फक्त उत्तर देताना समोरची व्यक्ती चाचरते का, हे पाहावे.

४. फळमाशीसाठी सापळे लावले आहेत का? सापळे लावलेल्या बागेत अळीचे फळ निघण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. जूनच्या मागणीसाठी हा प्रश्न टाळू नये.

५. पिकवण्यासाठी काही वापरता का? कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी बंदी आहे. त्यातून निघणाऱ्या वायूबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरस यांचे अंश येऊ शकतात, हे त्या बंदीचे कारण आहे. इथिलीन वायूच्या खोलीत, ठरवून दिलेल्या १०० पीपीएमच्या मर्यादेत, फळे पिकवणे मात्र कायदेशीर आहे आणि त्यात गैर काही नाही. तरीही घरी अढी घालणार असाल, तर कोणतीही प्रक्रिया न केलेले कच्चे पक्व, म्हणजे झाडावर पूर्ण तयार झालेले पण अजून न पिकलेले, फळच मागावे, कारण अर्धवट पिकवलेले फळ प्रवासात दबते.

बागेवर जाणे शक्य असेल तर चव घेऊनच ठरवावे. त्यातही एक चूक नेहमी होते. बागायतदार आपुलकीने पाडाचे फळ कापून देतो, ते गोड लागते आणि तेवढ्यावर वीस किलोची मागणी नोंदवली जाते. पाडाच्या चवीवरून झाडाचा गुण कळतो, पण आज उतरणारे फळ तयार आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी उतरवलेल्या ढिगातले एक कच्चे फळ कापायला सांगावे. कोयीजवळचा गर पांढराफटक असेल तर फळ कोवळे आहे. तिथे फिकट पिवळसर झाक आलेली असेल तर ते तयार आहे. बाहेरून पाहताना देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे भरून वर आलेले आणि देठ किंचित खोलगटात बसलेला दिसावा.

तपासा: बादलीभर पाण्यात चार-पाच फळे सोडून पाहावीत. तयार फळ बुडते, कोवळे तरंगते. ही परीक्षा बागेवर अर्ध्या मिनिटात होते. पार्सलने मागवणाऱ्याने बागायतदाराला तिचा छोटासा व्हिडिओ पाठवायला सांगण्यात काहीच संकोच बाळगू नये.

टप्पा ३ : मागणी लिहून देणे

फोनवर सगळे बोलणे झाले तरी मागणी लेखी संदेशानेच पक्की करावी. तोंडी व्यवहारात सर्वाधिक घोळ वजनाचा होतो. "दहा किलोची पेटी" म्हणजे पुठ्ठ्यासह दहा किलो की आतला आंबा दहा किलो, हे कोणी विचारत नाही, आणि मग दोन्ही बाजू आपापल्या जागी खऱ्या असूनही वाद होतो. हापूस डझनावर विकत घेण्याची सवय असलेल्या पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांसाठी मागवताना तर हे आवर्जून स्पष्ट करावे, कारण आपल्याकडे केशरचा व्यवहार किलोवर होतो. केशरचे मध्यम फळ दोनशे ते तीनशे ग्रॅमचे असते. म्हणजे किलोला चार-पाच आणि पाच किलोच्या बॉक्समध्ये वीसच्या आसपास फळे बसतात. फार मोठ्या फळाचा हट्ट धरू नये. मध्यम फळ अढीत एकसारखे पिकते आणि प्रवासात कमी दबते.

संदेश साधारण असा असावा:

"नमस्कार भाऊ. कालच्या बोलण्याप्रमाणे केशर आंबा, निव्वळ वजन १० किलो, पाच-पाच किलोचे दोन बॉक्स, किलोला चार ते पाच फळे. झाडावरून देठासह उतरवलेले, कच्चे पक्व, पिकवण्याची पावडर किंवा पुडी न टाकलेले. १८ मे रोजी सकाळी उतरवून १९ मे रोजी संध्याकाळच्या गाडीने रवाना. आंब्याचा भाव, पॅकिंग आणि गाडीभाडे वेगवेगळे कळवावे. फळ खराब निघाल्यास ते दिसल्यापासून चोवीस तासांत फोटोसह कळवू, ते बदलून किंवा पुढच्या हिशोबात धरून द्यावे. कृपया होकार कळवावा."

या संदेशातला प्रत्येक तपशील नंतर उपयोगी पडतो. विशेषतः उतरवण्याची तारीख. तीच माहीत नसेल तर अढीचे दिवस कुठून मोजायचे?

किती मागवावे, याचा हिशोबही भावनेवर सोडू नये. वाटीभर आमरसाला मध्यम आकाराची दोन फळे धरावीत. एकाच दिवशी उतरवलेला आंबा दोन-तीन दिवसांच्या अंतराने जवळजवळ एकदमच पिकतो, म्हणून पाच माणसांच्या घरी वीस किलो एका खेपेत आणले तर शेवटचे पाच-सहा किलो वाया जातात किंवा कंटाळून वाटावे लागतात. तेच वीस किलो आठ दिवसांच्या अंतराने दोन खेपांत मागवावेत. गाडीभाडे थोडे वाढते, पण आंबा सगळा पोटात जातो.

टप्पा ४ : पैसे देणे

नवीन बागायतदाराला सर्व रक्कम आगाऊ देऊ नये, आणि काहीच न देता माल उतरवायलाही सांगू नये. उतरवलेला आंबा परत झाडाला लावता येत नाही, त्यामुळे मागणी रद्द होण्याचा सारा तोटा शेतकऱ्याच्या अंगावर पडतो. मागणी पक्की करताना काही भाग, आणि बॉक्स भरून वजनकाट्यावर ठेवल्याचा फोटो व गाडीची पावती आल्यावर उरलेला, ही दोघांनाही न्याय देणारी पद्धत आहे.

क्यूआर कोड किंवा क्रमांकावर पैसे पाठवताना स्क्रीनवर दिसणारे खातेदाराचे नाव वाचावे आणि ते ज्याच्याशी बोललो त्याचे किंवा त्याच्या घरच्यांचे आहे का, हे फोन करून विचारावे.

सावधान: पैसे परत मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीही टाकावा लागत नाही. "रिफंड पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका" असे कोणी सांगितले, तर तो व्यवहार तिथेच थांबवावा.

टप्पा ५ : स्वतः बागेवर जाऊन आणणे

आदल्या दिवशी फोन करून फळे सकाळी किती वाजता उतरतील ते विचारावे. उन्हाच्या आधी उतरवलेले फळ टिकते, आणि मेच्या दुपारी चाळीस अंशांच्या पुढच्या उन्हात उतरवून तसेच गाडीत भरलेले फळ आतून तापलेले असते. सकाळी लवकर पोहोचावे, किंवा सकाळी उतरवून सावलीत ठेवलेला माल संध्याकाळी उचलावा. भर दुपारी जाणे टाळावे.

घरून जाताना दोन-तीन प्लॅस्टिकचे क्रेट, जुनी वर्तमानपत्रे आणि एक सुती चादर न्यावी. पोत्यात किंवा कॅरीबॅगेत आंबा भरू नये, कारण खालच्या फळांवर वरच्यांचा भार येतो. वजन करताना आधी रिकामा क्रेट काट्यावर ठेवून काटा शून्यावर आणावा. यात अविश्वास दाखवल्यासारखे काही नाही, बाजार समितीतही हेच होते.

फळे क्रेटमध्ये ठेवताना देठाकडचा भाग खाली असावा. ताज्या तुटलेल्या देठातून चीक येतो, तो सालीवर ओघळला की तिथे जळाल्यासारखा डाग पडतो, आणि पिकताना तिथूनच काळी बुरशी धरते. बोटभर नाही तरी अर्धा-एक इंच देठ फळाला राहू द्यावा आणि तो हाताने मोडू नये.

गाडीत क्रेट ठेवताना सीटवर किंवा सीटखाली, सावलीच्या बाजूला ठेवावेत. वाटेत जेवायला थांबलात तर गाडी झाडाखाली लावून काचा थोड्या उघड्या ठेवाव्यात. आंबा भरून झाल्यावर तीर्थयात्रा, नातेवाइकांच्या भेटी आणि बाजारहाट ही कामे काढू नयेत. ती बागेकडे जातानाच आटोपावीत.

टप्पा ६ : पार्सलने मागवणे

पार्सलमध्ये फळ बिघडते ते बहुतेक वेळा तीन ठिकाणी: बॉक्समध्ये, गाडीत, आणि उतरल्यानंतर पडून राहताना. तिन्हींची काळजी मागणी नोंदवतानाच घ्यावी.

१. बॉक्स. पन्हाळीदार पुठ्ठ्याचा, दोन्ही बाजूंना हवेची छिद्रे असलेला, पाच किलोचा बॉक्स सर्वांत चांगला. आंब्यांचे दोनच थर असावेत आणि मध्ये कागदाचे तुकडे किंवा गवत असावे. प्लॅस्टिकची पिशवी आत घातलेली नसावी. फळाच्या श्वसनातून निघणारी वाफ तिच्यात अडकते आणि बॉक्स दमट होतो. बॉक्स हलवला असता आतून फळांचा आवाज येऊ नये.

२. नाव-पत्ता. बॉक्सच्या दोन बाजूंना पूर्ण नाव, गाव, दोन मोबाईल क्रमांक आणि "आंबा, उन्हात ठेवू नये" असे ठळक अक्षरांत लिहायला सांगावे. वरची बाजू कोणती हे बाणाने दाखवावे. लातूरहून पुण्याला जाणाऱ्या एकाच गाडीत एकाच आडनावाची चार पार्सले असू शकतात.

३. गाडीची निवड. एका रात्रीत पोहोचणारी गाडी नेहमी श्रेयस्कर. ट्रॅव्हल्सची बस रात्री निघून सकाळी पोहोचते, पण पार्सल टपावर ठेवले तर दिवसा थांबलेल्या गाडीत ते भाजून निघते. म्हणून डिक्कीत, इंजिनपासून दूर ठेवण्यास सांगावे. एसटीची पार्सल सेवा तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचते, ही तिची मोठी सोय आहे. माल मात्र आगारातून स्वतः उचलावा लागतो, तेव्हा कार्यालयाची वेळ आधी विचारून घ्यावी. जालना, परभणी, नांदेड या मार्गावर देवगिरी एक्सप्रेससारख्या रात्रीच्या गाड्या आहेत, पण रेल्वे पार्सलसाठी बुकिंग आणि सोडवणूक या दोन्हींना वेळ काढावा लागतो. ते मोठ्या मागणीलाच परवडते. दोन-तीन ठिकाणी गोदामात थांबत जाणाऱ्या साध्या कुरिअरने आंबा पाठवू नये.

४. वार. शनिवारी संध्याकाळी निघालेले आणि रविवारी कार्यालय बंद असल्याने सोमवारपर्यंत पडून राहिलेले पार्सल हे आंबा बिघडण्याचे अगदी नेहमीचे कारण आहे. सोमवार ते गुरुवार या दिवसांत माल रवाना व्हावा.

तपासा: गाडी निघाल्यावर तासाभरात पावतीचा फोटो, गाडीचा क्रमांक आणि चालक किंवा क्लीनरचा फोन या तीन गोष्टी हातात आहेत का? नसतील तर गाडी लांब जाण्याआधीच मागून घ्याव्यात.

टप्पा ७ : बॉक्स घरी आल्यावरचा पहिला तास

संध्याकाळी सवडीने बघू, असे म्हणून बॉक्स बांधलेलाच ठेवणे ही या सगळ्या प्रक्रियेतली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. प्रवासात तापलेली फळे बंद बॉक्समध्ये आणखी तापतात आणि दबलेल्या एका फळाचा रस शेजारच्या चार फळांना लागतो.

बॉक्स उघडतानाचा अखंड व्हिडिओ घ्यावा, वजन करावे, आणि फळे चटईवर एकेरी पसरून पंख्याखाली अर्धा-पाऊण तास ठेवावीत. वजन थोडे कमी भरणे स्वाभाविक आहे, कारण उतरवल्यापासून फळातले पाणी उडत असते. पाच किलोला पाव किलोपेक्षा जास्त तूट असेल, तरच विचारणा करावी. मग फळांचे तीन वाटे करावेत: दबलेली किंवा तडकलेली, किंचित पिवळी होऊ लागलेली, आणि पूर्ण कडक. दबलेली फळे अढीत घालू नयेत. त्यांचे पन्हे, कायरस किंवा साखरांबा त्याच दिवशी करावा. पिवळी होऊ लागलेली वेगळ्या टोपलीत ठेवावीत.

सावधान: या वेळी फळे धुऊ नयेत. देठाच्या खाचेत ओल राहते आणि बुरशी तिथूनच सुरू होते. चिकाचा डाग दिसत असेल तर कोरड्या फडक्याने हलकेच पुसावा.

टप्पा ८ : अढी घालणे

चांगल्या आंब्याचे बरेवाईट इथे ठरते, म्हणून या टप्प्याला पुरेसा वेळ द्यावा.

१. जागा. घरातली सर्वांत थंड आणि हवेशीर खोली निवडावी. पत्र्याची खोली, माडीवरची खोली, स्वयंपाकघरातला माळा आणि पश्चिमेकडची भिंत वर्ज्य समजावी. उबेत आंबा लवकर पिकतो, अशी समजूत आहे, आणि कोकणातल्या दमट हवेत किंवा थंडीच्या दिवसांत ती काही अंशी खरीही असेल. पण पस्तीस अंशांच्या वर तापमान गेले की केशरचे पिकणे बिघडते. गर मऊ पडतो, साल हिरवी राहते आणि सुगंध येत नाही. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बहुतेक घरांत होणारी चूक थंडीची नसून उष्णतेची असते. धाब्याच्या किंवा जुन्या मातीच्या भिंतींच्या घरातली तळमजल्याची खोली यासाठी उत्तम. ती नसेल तर फरशीवर ओले पोते पसरून त्यावर थोडा उंच पाट किंवा खाटले ठेवावे आणि त्यावर अढी घालावी. कूलर चालू असलेल्या खोलीत घालायची असेल, तर ओला झोत थेट फळांवर येऊ देऊ नये.

२. थर. खाली चार बोटे गव्हाचे काड किंवा कोरडे गवत, त्यावर फळांचा एक थर, देठ खाली करून, फळाला फळ न दाबता. त्यावर पुन्हा काड आणि दुसरा थर. दोनपेक्षा जास्त थर करू नयेत. वरून काडाचा पातळ थर आणि सुती चादर. काड मिळत नसेल तर वर्तमानपत्राचे कागद चालतात, फक्त छपाईचे कागद ओले होऊ देऊ नयेत. गोधडी, प्लॅस्टिक आणि बंद डबा यांना इथे काम नाही.

३. रोजची पाहणी. पहिले दोन दिवस अढी उघडू नये. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एकदा प्रत्येक फळ पाहावे. पिकलेले फळ इथिलीन वायू सोडते आणि त्याने शेजारची फळेही पिकायला लागतात, म्हणून पिकलेली रोज बाजूला काढली तरच उरलेली तुमच्या सवडीने पिकतील. काळा ठिपका पसरत चाललेले फळ लगेच काढावे. फळ तपासताना अंगठ्याने दाबू नये. हा दाब दुसऱ्या दिवशी डाग होऊन दिसतो. तळहातावर घेऊन देठाजवळ वास घ्यावा आणि बोटांच्या पेरांनी अलगद अंदाज घ्यावा.

४. पिकल्याची ओळख. केशर पूर्ण पिकला तरी संपूर्ण पिवळा होईलच असे नाही, खालच्या बाजूला हिरवट झाक राहू शकते. रंगाची वाट पाहत बसणाऱ्यांचा आंबा उतरून जातो. देठाजवळ गोड वास सुटला, साल किंचित सैल लागली आणि फळ हाताला नरम वाटले की ते तयार आहे.

५. घाई किंवा उशीर करायचा असल्यास. एक-दोन दिवस लवकर हवा असेल तर अढीत दोन-तीन पिकलेली केळी ठेवावीत, तेवढे पुरते. लांबवायचे असेल तर फळे एकेरी पसरून खोली अधिक थंड ठेवावी. कच्चा आंबा मात्र फ्रिजमध्ये ठेवू नये. बारा-तेरा अंशांखाली त्याला थंडी बाधते, साल करडी पडते, आणि नंतर बाहेर काढला तरी तो नीट पिकत नाही. पूर्ण पिकलेला आंबा फ्रिजमध्ये चार-पाच दिवस चांगला राहतो.

खाण्याआधी पिकलेली फळे अर्धा तास पाण्यात ठेवावीत आणि देठाकडचा चीक पिळून टाकावा. सगळा माल एकदम पिकला तर रस काढून, पाणी किंवा दूध न घालता, लहान डब्यांत भरून डीप फ्रीजरमध्ये ठेवावा. एका वेळी लागेल तेवढाच एका डब्यात असावा, कारण वितळलेला रस पुन्हा गोठवला की चव जाते.

टप्पा ९ : तक्रार आणि तिचा निवाडा

तक्रार करण्याआधी दोष कोणाचा, हे फळाकडे पाहून ठरवता येते, आणि ते ठरवूनच फोन करावा.

मऊ झाले पण आंबट आणि वासहीन लागते, कापल्यावर कोयीजवळचा गर पांढरा आहे: फळ कोवळे उतरवले आहे, जबाबदारी बागेची. एका बाजूला सालीखाली काळपट, पाणचट भाग आहे: मार लागला आहे. बॉक्स चेपलेला असेल तर तो गाडीत लागला, बॉक्स शाबूत असेल तर बहुधा काढणीच्या वेळी. देठापासून काळे वलय खाली पसरत आले आहे: देठ मोडून उतरवले किंवा घरी ओल लागली. दोन्ही शक्य आहेत, म्हणून अशा फळांची संख्या मोजावी. पहिल्याच दिवशी डाग असतील तर प्रश्न बागेचा आहे, चौथ्या-पाचव्या दिवशी आले तर अढीकडे पाहावे. कापल्यावर अळी निघाली: फळमाशी, जबाबदारी बागेची. साल हिरवी, गर मऊ आणि चव उतरलेली: खोली तापली होती, जबाबदारी आपली. सगळी फळे एकाच दिवशी एकसारखी पिवळीधमक झाली आणि आत कडक, आंबट आहेत: कार्बाइडचा संशय घ्यायला जागा आहे. केवळ दिसण्यावरून तो सिद्ध होत नाही, पण अशी फळे खाऊ नयेत आणि बागायतदाराला स्पष्ट विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार करता येते.

वीस फळांत एखादे खराब निघणे हे शेतमालात धरूनच चालावे आणि त्यासाठी फोन करू नये. तीन-चार निघाली तर चोवीस तासांत फोटो पाठवून, पोहोचल्याचा आणि उतरवल्याचा दिनांक लिहून, शांतपणे कळवावे. अढीत दोष उशिरा दिसतो, हे बागायतदारालाही माहीत असते. त्यामुळे बॉक्स उघडतानाचा व्हिडिओ आणि रोजच्या पाहणीत काढलेल्या फळांची साधी नोंद असेल, तर बोलणे दोन मिनिटांत संपते. भरपाई पैशांत मागण्यापेक्षा पुढच्या खेपेत तेवढे वजन वाढवून घेणे दोघांनाही सोयीचे जाते. आणि माल चांगला निघाला असेल, तर कोणत्या तारखेला उतरवलेला, कोणत्या कोपऱ्यातल्या झाडांचा आंबा गोड होता, तेही त्याला त्याच संदेशात कळवावे, म्हणजे पुढच्या वर्षी त्याच झाडांची फळे आपल्यासाठी राखून ठेवायला सांगता येतात.